आईकडचा धागा

१२ जानेवारी

चिरंजीव भोंग्या यास,

तुझ्यावर रागावलेल्या ताईचे आशीर्वाद. तूही माझ्यावर रागावलेला आहेसच, तेव्हा फिटंफाट.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे आधी टेबलावर उलटं ठेवशील, मग चहा पिशील, मग कुणी बघत नाही असं पाहून फोडशील. मी तुला दुपट्यात असल्यापासून ओळखते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला भोंग्या म्हणू नये एवढं मलाही कळतं. पण लहानपणी तू रडायला लागलास की गल्लीच्या टोकाचे लोक खिडक्या लावून घ्यायचे, आणि पुढे तू धंदाही सभा-समारंभांना लाउडस्पीकर पुरवायचाच काढलास. त्याला मी काय करू?

फोन केला असता, पण गेली चार वर्षं तुझ्या फोनमध्ये माझा नंबर बंद आहे. म्हणून पत्र.

मुद्द्यावर येते. तुझ्या लेकीच्या, चिमणीच्या, मानेला डाव्या बाजूला, जबड्याच्या जरा खाली, गाठ आलीये. दुखत नाही. बोटाने ढकलली तर मागेपुढे सरकते, वरखाली सरकत नाही. तुझ्या ओळखीच्या सर्जनने तिला साधी ग्रंथी ठरवलंय. आधी सुई घालून बघू, मग काढून टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे, असं तो म्हणालाय. पुढच्या महिन्यातली तारीखही दिलीये. हे मला कुठून कळलं ते विचारू नकोस.

ती सुई घालू देऊ नकोस.

बाबांच्या गळ्यालाही अशीच ‘साधी ग्रंथी’ होती. सर्जनने चिरा दिला आणि रक्त थांबेना, कारण ती ग्रंथी नव्हतीच. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून वाढलेली, रक्ताने ठासून भरलेली गाठ होती ती. बाबा वाचले, पण आवाज गेला. उरलेली वर्षं त्यांनी कुजबुजत काढली. जुन्या रेडिओचे भाग जमवून तू तुझा पहिला माइक त्यांच्यासाठी बनवलास, आणि जेवताना बाबा त्या माइकवरून मीठ मागायचे. हे तू विसरला असशील यावर माझा विश्वास नाही.

माझ्या गळ्याला गाठ आली तेव्हा माणसं शहाणी झाली होती. आधी फोटो काढले, मग जाणत्या हातांनी ती काढली. माझा आवाज शाबूत आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? नंतर आमच्याच प्रयोगशाळेत माझं रक्त तपासलं. दोष एका जनुकात सापडला, आणि तो बाबांकडून आला होता.

चिमणीच्या स्थळाच्या वेळी त्या मुलाच्या आईने माझ्या गळ्यावरचा व्रण पाहून विचारलं, हे काय? मी सांगितलं. आमच्या घराण्यात आहे, हेही सांगितलं. लग्न मोडलं, तू माझ्यावर ओरडलास, दार लावून घेतलंस. पुन्हा कुणी विचारलं तर मी पुन्हा सांगेन. ते असो.

हे मी ताई म्हणून लिहीत नाहीये. माझं काम जनुकं तपासण्याचं, आणि हे कामाचं पत्र आहे असंच समज. उत्तर आलं नाही तरी चालेल.

ताई

ता. क. माझी तब्येत उत्तम आहे. तुझी कशी आहे? कामापुरतं विचारतेय.


२० जानेवारी

चि. भोंग्या,

चार वर्षांनी तुझं उत्तर आलं, आणि तेही केवढं? एक ओळ! ‘आत्याची तिन्ही मुलं ठणठणीत आहेत, त्याचं काय ते सांग.’ ना मायना, ना सही. तरी मी तो कागद फ्रिजवर चिकटवलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, माझ्या भावाचं पत्र आलंय.

प्रश्न मात्र तू बरोबर विचारलास. आपल्या आत्यालाही गाठ होती. म्हातारपणापर्यंत ती गळ्यात घेऊन वावरली. तिच्या तिन्ही मुलांना काही झालं नाही. त्यावरून घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, की हे दुखणं आता विरत चाललंय, पुढे जात नाही. आपले जुने डॉक्टरही तेच म्हणायचे. म्हणून तुला वाटतं, आत्याच्या घरातून गेलं ते तुझ्याही घरातून गेलं. तुझी चूक मूर्खपणाची नाही. आपल्यासारख्या घराण्यांत सगळे हीच चूक करतात.

आता नीट वाच. एका हातात कप धरून वाचलंस तरी चालेल, पण ओळ गाळू नकोस.

आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा अख्खा संच असतो. पायाच्या अंगठ्यातल्या पेशीतही डोळा घडवणारी जनुकं असतात, पण तिथे ती गप्प बसतात. म्हणजे जनुक असणं वेगळं आणि त्याने काम करणं वेगळं. ही जनुकं लांबच लांब धाग्यांवर एकापुढे एक बसलेली असतात, आणि धागे जोडीने असतात. एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. बहुतेक जनुकं दोन्ही धाग्यांवर सारखीच राबतात. काही मोजकी मात्र कुणाकडून आली ते बघून ठरवतात, राबायचं की झोपायचं. तशी खूणच केलेली असते त्यांच्यावर.

आपल्या घराण्याची भानगड एकाच धाग्यावरच्या दोन जनुकांची आहे. पहिल्याला आपण कामकरी म्हणू. पेशीची भट्टी पेटती ठेवायचं त्याचं काम. बाबांकडे तो बिघडलेला होता, आत्याकडेही. त्याच धाग्यावर, त्याच्यापासून पार लांब, दुसऱ्या टोकाला एक रखवालदार बसलेला असतो. पेशी भलतीच वाढायला लागली की तिला आवरायचं, हे त्याचं काम. आणि हा रखवालदार फक्त आईकडून आलेल्या धाग्यावर जागा असतो. वडिलांकडून आलेल्या धाग्यावरही तो असतो, पण झोपलेला.

गळ्यातल्या एखाद्या पेशीच्या हातून कधी कधी एक अख्खा धागाच निसटतो. माझं उदाहरण घे. बिघडलेला कामकरी मला बाबांकडून आला, चांगला आईकडून. एका पेशीतून आईकडचा धागा निसटला. चांगला कामकरी गेला, आणि त्याच धाग्यावरचा जागा रखवालदारही त्याच्याबरोबर गेला. मागे कोण उरले? एक बिघडलेला आणि एक घोरणारा. गाठ वाढणार नाही तर काय होणार?

आत्याच्या मुलांचं उलटं आहे. त्यांना बिघडलेला कामकरी आला असेल तर तो आईकडून. त्यांच्या पेशीतून वडिलांकडचा धागा निसटला, तर चांगला कामकरी जाईल खरा, पण आईकडच्या धाग्यावरचा रखवालदार जागाच राहील, आणि तो गाठ होऊ देत नाही. म्हणून ती मुलं ठणठणीत. त्यांच्यात दोष नाही असं नव्हे, भोंग्या. दोष असला तरी त्याला दाबून ठेवणारा शेजारी आहे.

हा खुलासा पुरा सिद्ध झालाय असं मी म्हणणार नाही, आमच्या धंद्यात तसं कुणी पटकन म्हणत नाही. पण घराण्यांमागून घराण्यांत हेच दिसत आलंय. वडिलांकडून आला तर गाठ होते, आईकडून आला तर अगदीच क्वचित.

आणि खुणा कायमच्या नसतात. दर पिढीला पुसल्या जातात आणि नव्या होतात. बाईने पुढे दिलेल्या प्रत्येक धाग्यावर आईची खूण, पुरुषाने दिलेल्यावर बापाची. त्या बाईला तो धागा स्वतःच्या बापाकडून का आला असेना. तेव्हा आत्याच्या मुलांनी निर्धास्त राहायचं ते स्वतःपुरतंच, पण तो विषय इथे नाही. माझ्या पोराचं म्हणशील तर तोही ठणठणीत आहे, सुट्टीच्या दिवशी डोंगर चढतो. आणि विषय माझ्या पोराचा नाही, तुझ्या पोरीचा आहे.

बाबांकडचा तो बिघडलेला कामकरी तुझ्यात आला की नाही, मला माहीत नाही. शक्यता निम्मी-निम्मी. आला नसेल तर चिमणीची गाठ खुशाल ग्रंथी असू दे. आला असेल तर ती वडिलांकडून घेणारी मुलगी आहे, आणि मग तिच्या मानेत सुई घालणं म्हणजे बाबांचीच गोष्ट पुन्हा सुरू करणं. तू चमचाभर रक्त दे, म्हणजे कळेल. सुईला घाबरत असशील तर थुंकीही चालते.

ताई


२८ जानेवारी

भोंग्या,

काल मी वाचनालयाच्या सभागृहात एका व्याख्यानाला गेले होते. विषयात मला काडीचाही रस नव्हता. बाहेर तुझ्या टेम्पोवरचं नाव दिसलं म्हणून आत शिरले, खोटं कशाला सांगू. शेवटच्या रांगेत खांबाआड बसले. तुझे केस बरेच पिकलेत.

आवाज एकांगी होता, भोंग्या. उजवीकडचा लाउडस्पीकर नुसता किंचाळत होता आणि डावीकडचा अगदी मापात. उजव्या बाजूचे लोक एकेक करून डावीकडे जाऊन बसायला लागले. एका गृहस्थांनी कानात बोट घातलं ते शेवटपर्यंत काढलं नाही. वक्त्याला वाटलं, आपण फार तळमळीने बोलतोय.

आणि तू मागे टेबलाशी उभा होतास, मान तिरकी करून, डावा कान पुढे काढून. तुझ्या चेहऱ्यावर सगळं जिथल्या तिथे असल्याचं समाधान होतं. तू! हॉल रिकामा असताना चारी कोपऱ्यांत टाळ्या वाजवत फिरणारा, पडद्याची घडी बदलली तरी आवाज बदलला म्हणून हटून बसणारा. तू दोन्ही बाजू सारख्या केल्यास, पण तुझ्या कानांना सारख्या वाटतील अशा. तुझा उजवा कान गेलाय.

मधेच तू त्या कानावर तळहात दाबून धरलास. तिथे काय वाजतं ते मी सांगू? धप धप, नाडीच्या तालावर. जिना चढलास की जोरात, आडवा झालास की आणखी जोरात. आमच्याकडे येणारी माणसं हेच सांगतात. असली गाठ फक्त गळ्यातच होते असं नाही, कानाच्या पडद्यामागेही होते. घराण्यातला दोष तोच, नुसती जागा दुसरी.

कान गेल्याचा धंद्यात बभ्रा व्हायला नको म्हणून तू गप्प बसलास, हे मला कळतं. पण तुझ्या कानात खरंच ते वाजत असेल, तर तो बिघडलेला धागा तुझ्यात आलाय. मग चिमणीत तो येण्याची शक्यता निम्मी, आणि वर तिला गाठ आहे, म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त. मी घाबरलेय, भोंग्या. मला घाबरायची सवय नाही म्हणून अक्षर असं आलंय.

दोन गोष्टी मोकळ्या करते. एक, मला गाठीचं सांगितलं ते तुझ्या बायकोने. माझी भावजय गेली चार वर्षं तुझ्यामागे मला फोन करतेय, आणि आमचं उत्तम चाललंय. तिच्यावर ओरडलास तर माझ्याशी गाठ आहे. दुसरी, ‘माझी तब्येत उत्तम’ हे मी लिहिलं ते अगदीच खरं नव्हतं. माझ्या मानेत दुसऱ्या बाजूला आणखी एक आहे, वाटाण्याएवढी. वाढत नाही. दर वर्षी फोटो काढून आम्ही एकमेकींची चौकशी करतो. त्यावरून तू मला काही सुनावायचं नाहीस.

चिमणीला मी थेट लिहिलं असतं. लिहिलंही होतं, तिने पाकीट न फोडता परत पाठवलं. तिला तो मुलगा आवडला होता, तेव्हा तिचा राग मला मान्य आहे. म्हणून ही पत्रं तूच तिच्या हातात दे. तुला काही बोलावं लागणार नाही. बोलायचं ते मी त्यात भरपूर बोललेय.

ताई


६ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

तुझी पोरगी तुझ्यावर गेलीये. मागच्या आठवड्यात ती प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाली, “आत्या, मी भांडायला आलेय.”

मी म्हटलं, “रक्त दे आणि मग भांड. रक्त घेताना मान हलवायची नसते.”

“मान कशाला हलेल? रक्त हातातून घेतात.”

“मग भांड आत्ताच.”

तिने तोंड उघडलं आणि रडायलाच लागली. मीही रडले. पंचवीस वर्षं या खात्यात काम करतेय, माझ्या हाताखालच्या मुलींनी मला पहिल्यांदा असं पाहिलं. एकीने पाणी आणलं, दुसरीने दार लावून घेतलं. मग चिमणीने पर्समधून माझी तिन्ही पत्रं काढली. तू ती एक शब्द न बोलता तिच्या ताटाशेजारी ठेवलीस आणि उठून गेलास म्हणे. जेवण अर्धवट टाकून. एवढं पुरे झालं मला.

आता जे आहे ते सरळ सांगते. दुसऱ्या दिवशी तिच्या मानेचे फोटो काढले. मोठी रक्तवाहिनी जिथे दोन फाट्यांत विभागते, बरोबर त्या बेचक्यात गाठ बसलीये. ग्रंथी नाही. तुझ्या सर्जनला मी स्वतः फोन केला. तो आधी थोडा घुटमळला, मग फोटो पाहिले आणि म्हणाला, “बाई, बरं झालं सांगितलंत.” माणूस चांगला आहे. त्याने स्वतःहून तारीख रद्द केली आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईंकडे तिला पाठवलं.

जनुकाचा निकाल आज आला. घरच्या माणसाच्या नमुन्याला मी हात लावायचा नाही असा आमचा नियम आहे. नळीवर नुसता क्रमांक होता, काम दुसरीने केलं. मी बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होते, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरच कळलं. माझ्यात जो दोष आहे, तोच, त्याच जागी.

म्हणजे तुझ्यातही आहे. चिमणीला तो तुझ्याखेरीज कुणाकडून येणार? आता तुझं रक्त तपासायचंही राहिलं नाही. मुकाट्याने कान दाखव.

तिची गाठ लहान आहे, वेळेत सापडलीये. आधी रक्त आणि लघवी तपासून बघतील, कारण असल्या गाठी कधी कधी रक्तदाब चढवणारा रस सोडतात. मग सगळी तयारी करून काढतील. दिवसभर बालवाडीतल्या पोरांशी बोलून पोट भरणारी मुलगी आहे, तिचा आवाज जायला नको, हे मी त्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी ज्या नसांजवळून जाते, त्या आधी ओळखते आणि मगच जाते.” बाई मला आवडल्या.

खरी गोष्ट पुढेच आहे. निकाल सांगितल्यावर चिमणीने पहिला प्रश्न स्वतःबद्दल विचारला नाही. म्हणाली, “आणि माझ्या मुलांना?”

मी म्हटलं, “तू कोण? आई. तू दिलेल्या धाग्यावर रखवालदार जागा असेल. दोष गेला तरी गाठ होणं अगदीच विरळा.”

तिने मनात हिशेब लावला. “म्हणजे ज्या नातवंडांच्या काळजीने त्यांनी मला नाकारलं, त्यांना काही झालंच नसतं?”

“बहुतेक काहीच नाही.”

“त्या लोकांना हे सांगायला हवं,” मी पुढे म्हटलं. तुला माहीत आहे, माझी जीभ राहत नाही.

“नको गं आत्या,” ती नाक पुसत म्हणाली. “त्या बाई सासू म्हणून मला तशाही झेपल्या नसत्या.” आणि हसली. चार वर्षांनी तिचं हसणं ऐकलं. तुझं हे असं आहे भोंग्या, तुझ्याकडे इतके लाउडस्पीकर असून या घरात काय ऐकू येत नव्हतं ते तुला कळलं नाही.

ताई


११ फेब्रुवारी

भोंग्या,

तुझं पत्र मिळालं. या वेळी तीन ओळी, प्रगती आहे. कान दाखवलास हे उत्तम केलंस. पडद्यामागे आहे, लहान आहे, काढली तर ऐकूही पूर्वीसारखं येईल असं म्हणाले, हे तर फारच उत्तम.

तिसरी ओळ मात्र मला रुचली नाही. ‘मग तुझ्या मुलाच्या बाळाचं काय?’

माझी सून पाचव्या महिन्यात आहे हे तुला कुणी सांगितलं ते विचारत नाही. मीच तुझ्या बायकोला सांगितलं होतं, चूक माझी.

धाग्यांचं तुला नीट समजलेलं दिसतंय. समजावून सांगणारीही चांगली होती. पण माझ्या पोरात तो दोष आलाय की नाही हेच माहीत नाही, आणि आला असला तरी बाळाला जन्मतः काही होत नसतं. अशा मुलांवर लक्ष ठेवायचं ते थोडी मोठी झाल्यावर, चांगली शाळेत जायला लागल्यावर. घाई कसलीच नाही. सुनेला या दिवसांत घोर लावू नये. त्यालाही कामाचा ताण आहे, बढती जवळ आलीये. योग्य वेळ आली की मी बघेन काय ते.

सध्याचा विषय चिमणीचं ऑपरेशन आहे. तिला सकाळी उपाशीपोटी न्यायचंय, कानातले काढून न्यायचंय. विसरू नकोस.

ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

आज सगळा दिवस आपण एकमेकांशेजारी बसलो होतो आणि आता घरी येऊन मी तुला पत्र लिहितेय, यावरून तू मला वेड्यात काढशील. काढ. समोर बसून हे मला बोलता येईना.

आधी चिमणीचं, कारण तू निघून गेल्यावरचं तुला माहीत नाही. तू तिला झोपलेली पाहिलीस. संध्याकाळी ती नीट जागी झाली. नर्सने विचारलं, नाव सांगा. भोंग्या, तिने नाव सांगितलं नाही. म्हणाली, “आधी काहीतरी खायला द्या, मग सगळं सांगते.” खणखणीत! शेजारच्या पलंगावरची बाई दचकून उठली. मी तिला पुन्हा बोलायला लावलं, मग पुन्हा. शेवटी ती वैतागून म्हणाली, “आत्या, मी झोपू का आता?” मग मी बाहेर येऊन तुझ्या बायकोच्या गळ्यात पडले. ऑपरेशन केलेल्या बाई जाता जाता म्हणाल्या, गाठ अख्खी निघाली, नसेला धक्का नाही. मी त्यांना आणखी चार प्रश्न विचारणार होते, तुझ्या बायकोने माझी कोपरखळीने समजूत काढली.

दुपारी तू मला विचारलंस, “ताई, तू आज इतकी गप्प कशी?” मी म्हटलं, थकलेय. थकले नव्हते.

तुझी ती तिसरी ओळ माझ्या डोक्यातून जाईना. आठवडाभर मी ती टाळली. तुला जे जे लिहिलं होतं ते सगळं मलाच लागू होतं, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे तर माझं कामच आहे! माझा पोरगा कसा धडधाकट, आपल्याला तर काही झालं नाही म्हणून हसणारा. त्याला झालं नाही, कारण मी त्याची आई. त्याच्या बाळाचा तो बाप असणार आहे. त्याने तो धागा दिला, तर त्यावरचा रखवालदार झोपलेलाच जाईल.

गेल्या रविवारी मी त्याच्याकडे गेले. सून बाहेर गेली होती. मी त्याला सगळं सांगितलं, जसं तुला सांगितलं तसंच, कामकरी, रखवालदार, सगळं. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. मला वाटलं, पटतंय. मी म्हटलं, “तुझं रक्त तपासून घेऊ. नसेल तर आपण सगळे सुटलो. असेल तरी बाळाला होईलच असं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं.”

तो उठला. “आई, हे सगळं तुला आत्ता आठवलं?”

“आत्ता सांगायची वेळ आली.”

“मग हिच्यासमोर यातला एक शब्द काढायचा नाही. मी काही तपासणार नाही. माझ्या बाळात तू दोष शोधायचा नाहीस.”

आणि तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी पर्स घेऊन निघाले. जिन्यात एका पायरीवर बसले. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

भोंग्या, त्या स्थळाच्या दिवशी तू माझ्यावर का ओरडलास ते मला त्या पायरीवर कळलं. चुकीचंच ओरडलास, हे मी अजूनही म्हणते. पण का ओरडलास ते कळलं. मला वाटायचं, तुला लोकांची लाज वाटली. तुला लाज नव्हती वाटली. आपणच आपल्या लेकराला काही वाईट दिलंय, हे ऐकून घ्यायचं बळ माणसात नसतं. ते मी तुला भर बैठकीत, परक्या लोकांसमोर ऐकवलं.

मी त्याला पुन्हा सांगितलं तर त्याला आई ऐकू येणार नाही, प्रयोगशाळाच ऐकू येईल. तू त्याचा मामा आहेस. लहानपणी तो तुझ्या टेम्पोतून उतरायला तयार नसायचा. तू त्याला सांग, की तू दार लावून चार वर्षं बसलास आणि सुई चिमणीच्या मानेपाशी आली होती. तुझ्या कानाचं सांग. तुझ्याही पोरीला तो दोष तूच दिलास, आणि आज ती खणखणीत बोलतेय, हे सांग. हे सांगू शकेल असा बाप मला दुसरा माहीत नाही.

मला सगळं जमतं असं मी आयुष्यभर मिरवलं. हे जमत नाहीये रे.

रविवारी सकाळी तो घरीच असतो. जाशील?

ताई